'नेताजींची पाणबुडी' म्हणे!

23 जानेवारी आली की पुण्याहून तो मेसेज येतोच. हिटलरने नेताजींसाठी खास पाणबुडी बांधली, पुढे इंग्रजांनी सूड म्हणून ती बुडवली, जर्मनीने तिचं स्मारक केलं, आणि आपण काय केलं? खाली फोटो. फोटोखाली दोन तट. एक हात जोडणारा, दुसरा 'नाझींच्या बोटीत बसलेला माणूस' म्हणून नाक मुरडणारा. संध्याकाळपर्यंत जुंपलेली असते, आणि बोटीविषयी दोन्हीकडे ठणठणाट.

आधी फोटो निकालात काढू. ती मी राहतो त्या जर्मनीत, कील बंदराजवळच्या लाबो गावी वाळूवर उभी असलेली यू-995 पाणबुडी. लांबी 67 मीटर. युद्धानंतर नॉर्वेच्या नौदलाने 'काउरा' नावाने वापरली आणि 1972 पासून इथे संग्रहालय म्हणून आहे. नेताजी गेले ती यू-180, 87 मीटरची, वेगळ्याच जातीची. डेक्कन क्वीनचा फोटो लावून सिंहगड एक्सप्रेसची महती गावी, तसला प्रकार.

आता 'खास बांधली'. यू-180चं बांधकाम ब्रेमेनच्या आ.गे. वेझर गोदीत 25 फेब्रुवारी 1941ला सुरू झालं. नेताजी बर्लिनला पोचले एप्रिलमध्ये. विषय संपला.

खास होतं ते तिचं इंजिन, आणि तेच तिचं दुखणं. नऊ-डी-एक या प्रकारच्या दोनच बोटी निघाल्या, यू-180 आणि यू-195. पाण्यावर जोरात पळणारी पाणबुडी हवी म्हणून त्यांत मर्सिडीज-बेन्झची सहा डिझेल इंजिनं बसवली, प्रत्येकी वीस सिलिंडर, दीड हजार अश्वशक्ती. मूळची ती टॉर्पेडो मारून पळ काढणाऱ्या छोट्या वेगवान बोटींसाठी. त्या बोटी काही तास थंड समुद्रात धावणार आणि बंदरात परतणार. पाणबुडीला मात्र आठवडेच्या आठवडे चालायचं असतं, तेही विषुववृत्ताच्या कोमट पाण्यात, जिथे थंड करायला घेतलेलं पाणीच कोमट. इंजिनं तापायची आणि धूर ओकायची. वेग मिळाला, 20.8 नॉट, पण जिचा जीव लपण्यात आहे तिच्या डोक्यावर धुराचा झेंडा. 'जर्मन अभियांत्रिकी' म्हटलं की आपल्याकडे लगेच पाट मांडतात, त्यांनी हे जरूर वाचावं.

दुसरी गोष्ट वजनाची. बुडी मारलेल्या बोटीचं वजन आणि तिने सारलेल्या पाण्याचं वजन जुळलंच पाहिजे. फरक पडला की भरपाईच्या टाक्यांत पाणी घ्यायचं, नाहीतर पंपाने बाहेर टाकायचं. कील बंदराचं पाणी अळणी, लिटरमागे साधारण 1.013 किलो, अटलांटिकचं 1.026. 1,610 टनांची बोट कीलमध्ये तोलून निघाली तर महासागरात ती वीसेक टनांनी हलकी ठरते आणि बुडायलाच मागत नाही. शिवाय तेल जळेल तसं बाहेरच्या टाक्यांत खालून समुद्राचं पाणी चढतं. डिझेल घनमीटरला साडेआठशे किलो, खारं पाणी हजाराच्या वर. म्हणजे तेल संपत जातं तशी बोट हलकी न होता जड होते, घनमीटरमागे पावणेदोनशे किलोने. हा हिशेब मुख्य इंजिनिअरने सतत मांडायचा. चुकला तर बुडी मारताना बोट थांबतच नाही.

या बोटीतून नेताजी आणि त्यांचे सहकारी, हैदराबादचे आबिद हसन, 9 फेब्रुवारी 1943ला कीलहून निघाले. कप्तान व्हेर्नर मुझेनबेर्ग. मादागास्करजवळ 26 एप्रिलला जपानी पाणबुडी आय-29 भेटली, पण समुद्र खवळलेला. अशा लाटांत दोन पाणबुड्या अंगाला अंग लावू शकत नाहीत. बाहेरच्या टाक्यांचा पत्रा पातळ, एकदा आदळला की तेलाची गळती, आणि तेलाचा तवंग म्हणजे विमानाला पत्ता दिल्यासारखंच. म्हणून 28 तारखेला रबरी होडी. जर्मन बोटीत 78 दिवस झाले होते. इकडून दोघं गेले, तिकडून दोन जपानी अधिकारी आले, आणि बर्लिनच्या जपानी वकिलातीसाठी दोन टन सोनं. माणसांची फिटंफाट झाली. इंजिनिअरला खटपट पडली असेल ती सोन्यापायी.

हात जोडणारे एक गाळतात. अदलाबदलीच्या दहा दिवस आधी, 18 एप्रिलला, याच बोटीने 'कॉर्बिस' हा ब्रिटिश टँकर बुडवला. नेताजी तेव्हा आत होते. टँकरवरचे बहुतेक लोक गेले. परतीच्या वाटेवर 'बोरिस' हे ग्रीक जहाज, 3 जूनला. दोन्ही मिळून 13,298 टन, एवढीच या बोटीची कमाई. आणि त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला यू-168 या दुसऱ्या जर्मन पाणबुडीने 'हायचिंग' हे जहाज बुडवलं ते आपल्या मुंबईच्या पश्चिमेला. त्या आरमाराला आपला किनारा काही वेगळा नव्हता.

उरला 'सूड'. यू-180 जुलै 1943मध्ये बोर्दोला पोचली. ती मर्सिडीज इंजिनं काढली, टॉर्पेडोच्या नळ्या काढल्या, साधी दोन इंजिनं घातली, आणि अडीचशे टन माल नेणारी हमाल बोट केली. 20 ऑगस्ट 1944ला पूर्वेकडे निघाली आणि बिस्केच्या उपसागरात नाहीशी झाली, 56 जणांसह. सुरुंगाचा संशय होता, ठाम कारण लागलेलं नाही. आय-29 त्याआधीच, 26 जुलैला, अमेरिकन पाणबुडी 'सॉफिश'ने बुडवली होती. यात इंग्रजांचा सूड कुठे आला?

इथे लाबोला कुणी हात जोडत नाही की नाक मुरडत नाही. तिकीट काढतात, डोकं सांभाळत आत शिरतात, बाहेर येऊन फिशब्रोट्शेन, म्हणजे मासा घातलेला पाव, खातात. हे मी ग्रुपवर ऐटीत लिहितो. लिहीत नाही ते असं की लाबोला येणाऱ्या एफ-वन या फेरीबोटीच्या वाटेवरच मोल्टेनॉर्टला पाणबुड्यांवर मेलेल्या जर्मनांच्या स्मारकात ब्राँझच्या पाट्या आहेत, बोटवार नावं, दुसऱ्या महायुद्धातलीच तीस हजारांच्या आसपास. यू-180चे 56 तिथे आहेत, 'कॉर्बिस'चं कुणी नाही. आपलेच तेवढे मोजायची खोड इथेही आहे.

आणि इथे एखाद्याने बिअरच्या टेबलावर भुवई उंचावून विचारलं की तुमचा तो नेता आमच्या त्या बोटीत काय करत होता, तर मी ताडकन म्हणतो, तो फक्त प्रवासी होता, गुलाम देशाला वाहन निवडता येत नाही. पुण्याच्या ग्रुपवर हेच वाक्य कुणी टाकलं की मी 'कॉर्बिस' काढतो. दोन्हीकडे खरंच बोलतो, पण ज्या टेबलावर जे खुपेल तेच. तिकडे 'तू जर्मन झालास', इकडे 'तुम्ही भारतीय सगळे असेच'.

यंदाही मेसेज येईल. उत्तर लिहून ठेवलंय: फोटो चुकीचा आहे.