डावीकडे ५ पौंड, उजवीकडे २५: तुमच्या शेव्हेलबद्दल

नमस्कार दादा,

आमच्या गॅरेजला एक स्टार दिलात, वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९७० ची शेव्हरोले शेव्हेल मागून डावीकडे झुकते, खड्ड्यात बैलगाडीसारखी आदळते, उजवी एअर बॅग (आम्ही मागच्या स्प्रिंगच्या आत बसवलेली हवेची पिशवी) नोव्हेंबरात गळायला लागली आणि ऑगस्टात फोन केला तेव्हा कोणी उचलला नाही. वर, "मराठी माणूस म्हणून गाडी दिली होती."

आधी फोनचं. तुम्ही दोनदा केलात तो वुडवर्ड ड्रीम क्रूझचा आठवडा होता. डेट्रॉइटच्या आसपास ऑगस्टात जुन्या गाड्यांच्या गॅरेजवाल्याला जेवायची फुरसत नसते. पण पुढच्या आठवड्यात उलटा फोन करायला मला कोणी अडवलं नव्हतं. चुकलं.

झुकण्यातही चूक माझीच. तुम्ही काउंटरवर म्हणालात, "सप्टेंबरात एकदा स्ट्रिपवर न्यायचीय." स्ट्रिप म्हणजे ड्रॅग रेसचा सरळ पट्टा, म्हणून मी जॉबकार्डवर एकच शब्द लिहिला, 'ड्रॅग'. आमच्या पोराने कार्ड वाचून डावीकडे ५ आणि उजवीकडे २५ पौंड (चौरस इंचावरचा हवेचा दाब) भरले. स्ट्रिपसाठी ते बरोबरच होतं. तिथे गाडी सुटताना इंजिनाचा पीळ शाफ्टमधून मागच्या ॲक्सलवर येतो, तो डावं चाक खाली दाबतो आणि उजवं उचलू बघतो. हलकं झालेलं उजवं चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी तिरकी निघते. म्हणून उजव्या स्प्रिंगच्या आतल्या बॅगेत जास्त हवा. पण याच आकड्यांवर पोरांना मागे बसवून आईस्क्रीम खायला निघालात, तर गाडी उजवीकडून अंगठ्याच्या पेराएवढी उचललेली दिसणार आणि त्या बाजूला दगडासारखी लागणार. हे तुम्हाला चावी देताना सांगायला हवं होतं, कागदावर लिहून द्यायला हवं होतं. दोन्ही राहिलं.

गळतीचं मात्र मला पटलं नाही. तुम्हीच लिहिलंय, ऑगस्टात २५ होते, नोव्हेंबरात सकाळी २० दिसले. ८० डिग्री फॅरनहाइटला २५ पौंड भरलेली बॅग ३० डिग्रीला २१ च्या आसपास येते, हवा कुठेही न जाता. उरलेला पौंड तुमच्या गेजने खाल्ला. टायरमध्ये एवढी हवा असते की गेज लावताना झालेलं 'फुस्स' कळतही नाही. या बॅगेत मूठभर हवा, तिथे प्रत्येक 'फुस्स' मोजावं लागतं. रोज सकाळी गेज लावून बघत असाल, तर गळती तुमच्याच हातात आहे, रागावू नका. तरीही जोडांवर साबणाचं पाणी टाकून तुमच्यासमोर बघू. बॅगेत हवा नेणारी नळी पक्कडीने तिरकी कापली गेली असेल तर तिथून बुडबुडे येतील, आणि मग ते काम आमच्या खर्चाने.

तुमच्या मित्राने दोन सल्ले दिलेत: दोन्ही बॅगांच्या नळ्या टी (तीन तोंडांचा जोड) लावून एकत्र जोडा, नाहीतर बॅगा पूर्ण रिकाम्या ठेवा. दोन्ही करू नका. नळ्या जोडल्या की वळणावर बाहेरची बॅग दाबली जाते, तिची हवा आतल्या बॅगेत पळते आणि गाडी आणखी कलते. शिवाय दोन बाजूंना वेगळी हवा ठेवण्याची सोयच जाते. आणि बॅग रिकामी ठेवली तर ती स्प्रिंगच्या वेटोळ्यांत चिमटते, घासून फाटते. ५ पौंडांच्या खाली जायचं नाही, गाडी शेडमध्ये उभी असली तरी.

तोवर घरी एवढं करा. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर. जॅकवर नको, ॲक्सल लोंबकळला की बॅग ताणली जाते आणि आकडा खोटा येतो. दोन्हीकडे ८ पौंड भरा, मग चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजा. दोन्ही बाजू जुळेपर्यंत पौंड-पौंडाने वरखाली करा.

मजुरीचे पैसे परत करतो. बॅगांचे नाही, त्या चांगल्या आहेत. आणि मराठी माणसाचं म्हणाल तर जॉबकार्ड मी सगळ्यांचंच असं घाईत लिहितो, तुमच्यावर वेगळा अन्याय नाही. आता त्यावर 'रस्ता' आणि 'स्ट्रिप' असे दोन रकाने केलेत.

सोमवार सोडून कधीही या. पेट्रोलची टाकी नेहमी ठेवता तेवढीच भरलेली असू द्या, आणि जमलं तर पोरांनाही आणा, त्यांना मागे बसवूनच हवा लावू.