गोळी गिळून ट्रेडमिलवर चढणाऱ्यांसाठी

आज सकाळी जिममध्ये जे पाहिलं ते काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. लांबणार आहे. घाईत असाल तर पुढे सरका.

शेजारच्या ट्रेडमिलवर पंचविशीचा एक पोरगा. डोळे लाल, नाक गळतंय, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. खिशातून पॅरासिटामॉलची पट्टी काढली, एक गोळी पाण्याबरोबर गिळली आणि चढ वाढवून पळायला लागला. मध्येच तळहातावर खोकला, तोच हात मशीनच्या दांड्यावर. आणि लांबून ट्रेनर अंगठा दाखवतोय, "शाब्बास! घाम निघाला की सगळं निघून जाईल."

काय निघून जाईल? विषाणू बसलाय नाका-घशाच्या अस्तराच्या पेशींमध्ये. घामाशी त्याचं काही देणंघेणं नाही. घामातून जातं पाणी आणि मीठ, आणि ताप आलेल्या अंगात पाणी आधीच कमी पडत असतं.

मला जास्त राग आला तो त्या गोळीचा. गोळी ताप उतरवते, आजार जागच्या जागी राहतो. चार ते सहा तास अंग हलकं वाटतं, आणि माणूस समजतो बरं वाटतंय, पळू या. शरीरानं 'थांब' म्हणून ओरडावं आणि आपण त्याच्या तोंडात बोळा कोंबावा, तसला प्रकार. ताप मोजायचा तो गोळीच्या आधी. गोळी घेऊन झाली असेल तर सहा तास जाऊ द्या, मग मोजा. थर्मामीटर तोंडात धरणार असाल तर गरम-गार काही प्यायल्यावर किमान पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर आकडा चुकतो. 38 सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा वर दिसलं की त्या दिवशी व्यायाम नाही. 'हलकासा' पण नाही.

कारण साधं आहे. ताप एक अंश सेल्सिअसनं चढला की बसल्या जागी हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण दहानं वाढतात. एरवी 70 असतील तर 39 तापाला 90 च्या आसपास. म्हणजे पळायला सुरुवात करण्याआधीच हृदय जिना चढून आलेलं. त्यात पाणी कमी, म्हणजे रक्ताचं आकारमान कमी, म्हणजे पंपाला आणखी जोर. आणि फ्लूसारखे काही विषाणू क्वचित हृदयाच्या स्नायूलाच सूज आणतात. मायोकार्डायटिस म्हणतात त्याला. क्वचितच होतं, हे मान्य. पण झालं तर तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद, आणि सूज असताना जोर लावला तर हृदयाची लय बिघडून माणूस जागीच कोसळू शकतो. आजारपणात किंवा त्यानंतर छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली, नेहमीच्या चालण्यालाही दम लागला तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्या नाही.

आता कुणीतरी म्हणणार, साध्या सर्दीत व्यायाम चालतो की. चालतो, बाबा. नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडून एक दिवसाआड 40 मिनिटं व्यायाम करायला लावलेल्या विद्यार्थ्यांची सर्दी लांबली नव्हती, वाढलीही नव्हती. पण तो सर्दीचा विषाणू होता, फ्लूचा नव्हे. म्हणून मानेचा नियम. त्रास मानेच्या वर, म्हणजे नाक गळणं, शिंका, घसा थोडा खवखवणं असेल तर हलकं काही करा. मानेच्या खाली उतरला, छातीत कफ, खोल खोकला, अंग मोडून येणं, जुलाब, की घरी झोपा. आणि ताप असेल तर वर-खाली काही बघायचंच नाही. 'हलकं' म्हणजे काय तेही सांगते: आधी दहा मिनिटं सावकाश चाला. डोकं ठणकायला लागलं तर परत फिरा. ठीक वाटलं तर आणखी वीस मिनिटं, न धापता पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगानं. वजनं उचलायचा हट्टच असेल तर निम्मी, आणि श्वास कोंडून नाही.

सर्दीच्या मिश्र गोळ्यांचं तर बोलायलाच नको. नाक मोकळं करायला त्यात बऱ्याचदा फेनिलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं. त्यानं रक्तदाब चढतो, ठोके वाढू शकतात. शिंका थांबवणारं औषध असतं, त्यानं झापड येते, आणि हा माणूस डोक्यावर डंबेल धरून उभा. वर पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. त्या पोरानं सकाळी तसली एक घेतली असेल तर खिशातल्या पट्टीतली ही दुसरी मात्रा झाली. मोठ्या माणसाला 24 तासांत चार ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल नाही, नाहीतर यकृत धोक्यात. पट्टीमागचं बारीक अक्षर वाचा.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या पोराचंही कळतं मला. घड्याळात सलग दिवसांचा आकडा चढत असतो, तो तुटेल म्हणून जीव खालीवर होतो. अरे, आठवडाभर थांबलास तर काही जात नाही. स्नायूंची ताकद दोन-तीन आठवडे टिकते. दम जरासा कमी होतो, तो परत येतो. काट्यावर वजन घटलेलं दिसेल, ते बरंचसं पाणी असतं.

पण पलीकडच्या सायकलवर साठीच्या एक काकू होत्या, त्या आठवल्या की पुन्हा डोकं तापतं. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो-सोडतो, जोरात पळताना शंभरच्या वर जाऊ शकते. श्वासातून उडणारे बारीक कण तर शंभरपटीनं वाढतात. बंद हॉल, खिडक्या लावलेल्या. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस तो वाटत फिरतो. तुमची जिद्द तुमच्यापाशी, त्या काकूंनी काय घोडं मारलंय?

आणि तो दांडा! फ्लूचा विषाणू कठीण प्लास्टिक-स्टीलवर 24 ते 48 तास तग धरू शकतो. फवारा मारून लगेच कोरडं पुसणं म्हणजे निव्वळ समाधान. बाटलीवर जितका वेळ लिहिलाय तितका वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा, मग पुसा. हात साबणानं वीस सेकंद, साबण नसेल तर किमान 60 टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर. खोकायचं कोपरात.

बाकी टाळायचे उपाय सगळ्यांना माहीत असतात, करत कुणी नाही. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी धरायची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट. फ्लूची लस दर वर्षी, साथीच्या किमान दोन आठवडे आधी, कारण अंगी लागायला तितका वेळ जातो. नियमित मध्यम व्यायाम करणारे कमी आजारी पडतात हेही खरं. म्हणूनच व्यायाम बंद करा असं मी म्हणतच नाहीये.

परत कधी यायचं? गोळी न घेता पूर्ण 24 तास ताप नसेल तर. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी निम्मे सेट, निम्मं वजन. रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी नाडी मोजा. नेहमीपेक्षा दहानं जास्त लागली तर अजून एक दिवस घरी. फ्लू असेल तर पूर्ववत व्हायला आठवडा-दोन आठवडे धरून चाला.

पोरगा वीस मिनिटांनी उतरला आणि भिंतीला पाठ लावून खालीच बसला. ट्रेनरनं त्याला टाळी दिली. मग तोच हात घेऊन काकूंच्या सायकलची सीट वर-खाली करून द्यायला गेला.