‘होटेल मॉडर्न’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या ‘होटेल मॉडर्न’ या नाट्यसंस्थेवरील माझ्या लेखाखाली आपण ‘एक नाट्यरसिक’ या नावाने प्रतिक्रिया दिली आहे. तिचा आशय असा : आउशवित्झच्या नाझी छळछावणीवर बाहुल्यांचे नाटक करणे हा मृतांचा अपमान आहे, त्यात संवाद नाहीत, त्यामुळे ते नाटकच नव्हे, लेखात ध्वनीविषयी जवळजवळ काहीच नाही, ही मंडळी अनुदानावर पोसलेली आहेत, बाहुल्याच पाहायच्या तर कळसूत्री बाहुल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला जावे, आणि आपल्याच शब्दांत, “चार दिवस युरोपात राहून आलात म्हणून तिथला पुठ्ठासुद्धा आम्ही डोक्यावर घ्यायचा का?”

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीची प्रतिक्रिया त्या वाक्याच्याच सुरात लिहिलेली आहे. कोणी काय डोक्यावर घ्यावे, हे मी लेखात कुठेही सांगितलेले नाही. राहता राहिला पुठ्ठा. तो मला युरोपाने दाखवलेला नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी संघांत मी वर्षानुवर्षे नेपथ्य केले आहे. पुठ्ठा, बांबू आणि गोणपाट यांतून वाडे उभे केले आहेत, आणि प्रयोगाच्या आदल्या रात्री ओल्या रंगाला पंख्याने वारा घालत बसलो आहे. रंगमंचावर पुठ्ठा केव्हा भिंत होतो आणि केव्हा पुठ्ठाच राहतो, हे ज्याला स्वतःच्या हातांनी शिकावे लागले, त्याला रॉटरडॅममध्ये जाऊन दिपून जाण्याची गरज पडत नाही. आपण ‘नाट्यरसिक’ आहात. रसिकाने मतभेद जरूर मांडावा, परंतु लिहिणाऱ्याच्या हेतूवर शंका घेण्यापूर्वी निदान तो कुठून आला आहे याची विचारपूस करावी, इतकी अपेक्षा मी ठेवली तर ती अवास्तव ठरू नये.

ध्वनीला मी अधिक जागा द्यायला हवी होती, हे आपले म्हणणे मात्र मोकळेपणाने मान्य करतो. २००१ च्या ‘द ग्रेट वॉर’ या प्रयोगात पहिल्या महायुद्धाची पश्चिम आघाडी एका टेबलावर मातीत उभी केली जाते, कोथिंबिरीच्या जातकुळीतल्या पार्स्लेच्या काड्या झाडे होतात, रोपांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने पाऊस पडतो आणि सैनिकांची पत्रे वाचली जात असतात. परंतु त्या टेबलाचे रणांगण होते ते संगीतकार आर्थर साउअर प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत निर्माण करीत असलेल्या आवाजांमुळे. त्यांच्यावर स्वतंत्र परिच्छेद हवा होता. झाले?

आता ‘अपमान’ या आरोपाकडे वळतो. २००५ च्या ‘काम्प’ या प्रयोगात आउशवित्झची प्रतिकृती जवळजवळ सारा रंगमंच व्यापते : बराकींच्या रांगा, लोहमार्ग, कुंपण, प्रवेशद्वार. तिच्यात सुमारे आठ सेंटिमीटर उंचीच्या तीन हजारांच्या आसपास बाहुल्या आहेत, हाताने घडवलेल्या, उघड्या तोंडांच्या. आर्लेन होर्नवेख, पाउलिने कालकर आणि हेर्मान हेले हे संस्थेचे तिघे कलावंत एक शब्दही न बोलता त्या बराकींमधून फिरतात, बाहुल्यांचे गटच्या गट हलवतात आणि छोट्या कॅमेऱ्यांनी जे टिपतात ते मागच्या पडद्यावर मोठे होऊन दिसते. पडद्यावर बघावे तर छावणी दिसते, खाली बघावे तर ती घडवणारे हात दिसतात. सुमारे तासभर प्रेक्षकाची नजर या दोहोंमध्ये हेलकावे खात राहते आणि तिला कुठेही टेकू मिळत नाही.

आपण म्हणता, हा विषय बाहुल्यांचा नव्हे. मग कोणाचा? धडधाकट प्रकृतीच्या नटाने पट्ट्यापट्ट्यांचे कपडे चढवावेत, उपासमारीचा अभिनय करावा, आणि पडदा पडल्यावर हसतमुखाने नमस्कार करायला पुढे यावे, हे आपल्याला अधिक आदराचे वाटते का? ‘होटेल मॉडर्न’ने नेमके हेच टाळले आहे. तिथे कोणीही बळी असल्याचे सोंग घेत नाही. पहारेकरी एका कैद्याला मारतो तेव्हा दोन्ही बाहुल्यांना हलवणारे हात आपल्याला स्पष्ट दिसत असतात, आणि जे घडले ते माणसांच्या हातांनी घडले हे सांगायला मग संवादाची गरज उरत नाही. रडवण्यासाठी संगीताची मदत घेतलेली नाही, कोणा एका कैद्याची कहाणी पुढे करून बाकीच्यांना गर्दीत ढकललेले नाही. माझ्या मते ही संयमाची परिसीमा आहे. आपल्या मते तो पोरखेळ आहे. आपण तो प्रयोग सभागृहात पाहिला आहे का, हे आपल्या प्रतिक्रियेतून कळत नाही. मी पाहिला आहे.

शिवाय, अपमान कोणाचा, हे ठरवणारे आपण आणि मी कोण? पाउलिने कालकर यांचे आजोबा आउशवित्झमध्ये मारले गेले. नेदरलँड्समधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक परत आले नाहीत. पश्चिम युरोपातल्या व्याप्त देशांमध्ये हे प्रमाण सर्वांत भीषण होते. त्या कुटुंबातली नात आजोबांच्या मृत्यूची जागा आपल्या हातांनी वीतभरसुद्धा नसलेल्या माणसांनी भरते, आणि तिला मृतांचा मान राखण्याचा धडा एका टोपणनावाने दिला जातो! क्षमा करा, पण याला रसिकता म्हणणे मला जमत नाही.

हा प्रयोग खळबळ माजवण्यासाठी अचानक सुचलेलाही नाही. १९९७ मध्ये होर्नवेख आणि कालकर या दोन अभिनेत्रींनी संस्था सुरू केली. पुढे वास्तुरचनाकारांसाठी प्रतिकृती घडवणारे हेले त्यांना येऊन मिळाले आणि टेबलावरच्या वस्तू, कॅमेरा आणि पडदा यांची ही रीत हळूहळू आकाराला आली. १४ मे १९४० च्या बाँबफेकीत ज्या शहराचा मध्यभाग भुईसपाट झाला आणि ज्याला पुढे तो आधी कागदावर आणि लाकडात रचून पाहावे लागले, त्या रॉटरडॅममध्ये ती आकाराला यावी, याचे मला तरी आश्चर्य वाटत नाही. महायुद्धाच्या टेबलावर कसोटीला उतरल्यावरच ही मंडळी छावणीकडे वळली. त्यानंतर २००८ मध्ये त्यांनी सुकवलेल्या कोळंबीला कपडे चढवून माणसांचे आयुष्य रंगवले (कोकणातल्या वाचकांनी येथे हसण्यास हरकत नाही), आणि पुढे ‘अवर एम्पायर’मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने इंडोनेशियाच्या बेटांवर जे केले त्याकडे मोर्चा वळवला. याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती, तेव्हा हा विषय आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. बळींच्या बाजूने छावणी उभारणारी संस्था स्वतःच्याच देशाच्या अत्याचारांनाही त्याच टेबलावर मांडते, ही गोष्ट आपल्या प्रतिक्रियेत कुठेच आलेली नाही, लेखात ती असूनही.

उरलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. संवाद नसले की नाटक नसते, या व्याख्येने मूकनाट्याची सारी परंपराच बाद होते. ती बाद करायची असेल तर खुशाल करावी. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांविषयी मला आदर आहे, आणि त्यांची ढाल करून दुसऱ्या कोणाला हिणवणे त्यांनाही आवडणार नाही. कळसूत्रीत सूत्रे हलवणारा पडद्याआड असतो, येथे तो समोर असतो, एवढा फरक ध्यानात घेतला तरी पुरे. अनुदानाचे म्हणाल, तर राज्य नाट्य स्पर्धाही शासनाच्याच पैशांवर चालते, आणि तिथल्या एकाही संघाला ‘पोसलेला’ म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

आपला,
लेखक