टँकरच्या बाजूची मोकळी जागा

सकाळपासून हात थरथरतोय. कामात लक्ष लागत नाही, म्हणून लिहायला बसले. पोस्ट मोठी होणार आहे, पण वाचा.

सिग्नलच्या आधी गाड्यांची लांबलचक रांग होती. पाच पावलं पुढे, पुन्हा थांबा, पुन्हा पाच पावलं. मी सायकलवर, माझ्यापुढे एक टँकर. फुटपाथच्या बाजूला वळायचा त्याचा इंडिकेटर चालू होता. टँकर आणि फुटपाथ यांच्यामध्ये सायकल आरामात जाईल एवढी जागा होती. मी गेले नाही. मागेच थांबले, टँकरच्या आरशात मला ड्रायव्हरचा चेहरा दिसेल एवढं अंतर ठेवून. मागच्या कारवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. मग काच खाली. "अहो, जागा आहे की बाजूला! सायकल आहे तुमची, जा ना पुढे!"

मी मान हलवून नाही म्हटलं. तेवढ्यात अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा, कानात इअरफोन, माझ्या शेजारून सरळ त्या फटीत शिरला. आणि सिग्नल सुटला.

ज्यांनी कधी हे जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लांब गाडी वळायच्या आधी जरा उलट्या बाजूला जाते, वळायला जागा मिळावी म्हणून. त्यामुळे आतली फट आधी रुंद होते. सायकलवाल्याला वाटतं, वाट मिळाली. मग गाडी वळते, आणि तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत येतात. ती फट मागून पुढे मिटत जाते. मुलगा त्या वेळी टँकरच्या मधोमध होता. मी सायकल टाकली, धावले, टँकरच्या मागच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी धाडधाड मारलं, घसा फाटेस्तोवर ओरडले. ड्रायव्हरने ब्रेक मारला. मागचं चाक आणि त्या मुलाचं पेडल यांच्यात वीतभर अंतर होतं. वीतभर! मी माझी वीत रस्त्यात धरून बघितली, वेड्यासारखी.

मुलगा म्हणाला, "काही नाही झालं काकू," आणि सायकल फुटपाथवर चढवून निघून गेला. ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला दिसलाच नाही हो," एवढंच म्हणत होता. हॉर्नवाला मात्र बाजूने निघून गेला, मान वळवूनही बघितलं नाही.

पुढच्याच चौकाच्या आधी मी थांबलेल्या गाड्यांच्या बाजूने हळूहळू पुढे जात होते, तर दुसऱ्या एका गृहस्थांनी काच खाली केली. "रांगेत उभं राहायला काय होतं? घुसायचं म्हणजे काय!"

अरे, काय करायचं काय मग आम्ही? एकाला आम्ही पुढे जायला हवे असतो, दुसऱ्याला आम्ही मागे राहायला हवे असतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, तर स्पष्ट लिहिलंय की हळू चालणाऱ्या किंवा थांबलेल्या गाड्यांच्या कुठल्याही बाजूने सायकलस्वार पुढे जाऊ शकतो, फक्त चौकाजवळ आणि मोठ्या गाड्यांपाशी विशेष जपून. मी गेले म्हणून त्या गृहस्थांचा एक सेकंदही गेला नाही. त्यांच्या पुढची जागा मी घेतलीच नाही, ती त्यांच्या पुढच्या गाडीने घेतलेली होती. सायकलने पुढे जाणं म्हणजे रांग मोडणं नाही, हे मी कितीही जणांशी वाद घालून सांगायला तयार आहे.

हो, आमच्यातले काहीजण सिग्नल तोडतात. मान्य. त्यावर मी आज बोलणार नाही.

पण राग फक्त गाडीवाल्यांवर काढून भागणार नाही, कारण माझी स्वतःची एक गोष्ट आहे. तुमच्यातल्या काहींना माहीत आहे, माझा कॉलर बोन मोडला तेव्हा तुम्हीच डबे आणून दिले होते. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं की कुणीतरी दार उघडलं आणि मी पडले. ते खरंच होतं, पण अर्धंच.

अशीच रांग होती. मी फुटपाथकडच्या बाजूने चालले होते, गाड्यांपासून हातभर अंतरावर. हँडलवरच्या छोट्या मीटरवर शेवटचा आकडा मी बघितला तो २४ होता. ताशी २४ किलोमीटर. रांग जवळजवळ थांबलेली आणि मी २४ ने. छान वाटत होतं, खोटं कशाला सांगू. एकेक गाडी मागे पडत होती. आणि एका गाडीचं मागचं दार उघडलं. आधी दप्तराचा पट्टा दिसला, मग एक लहानसा बूट.

मग मी रस्त्यावर होते.

सात-आठ वर्षांची मुलगी होती. आईने सांगितलं होतं, इथेच उतर, उशीर होतोय. गाडी थांबलेली, फुटपाथ समोर, पोरीला काय कळणार? ती दार धरून उभी होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "मी बघितलंच नाही, मी बघितलंच नाही." आणि मी तिच्यावर ओरडले. खांद्यातून कळ निघत होती, पण म्हणून काय झालं? एका लहान मुलीवर मी भर रस्त्यात ओरडले, तेही असं की तिचं रडणंसुद्धा थांबलं.

आता गणित मांडते. २४ च्या वेगाने सायकल एका सेकंदात साडेसहा मीटरहून जास्त जाते. दार दिसून बोटं ब्रेकपर्यंत पोचायलाच साधारण एक सेकंद जातो, आणि थांबायचं अंतर त्यापुढे सुरू होतं. रस्ता कोरडा असला, ब्रेक चांगले असले, तरी बारा-एक मीटर लागतात. म्हणजे तीन गाड्यांची लांबी. माझ्यापुढे एका गाडीचीही नव्हती. तेच मी १२ ने जात असते तर? वेग निम्मा झाला की निव्वळ ब्रेकिंगचं अंतर पावपट होतं. सगळं मिळून पाचेक मीटरमध्ये थांबले असते, किंवा धडकले असते तरी खरचटण्यावर भागलं असतं. आणि रांगेच्या शेवटापर्यंत पोचायला किती वेळ जास्त लागला असता? मिनिटभरसुद्धा नाही.

म्हणून आता माझा एकच नियम आहे, आणि कुणी विचारलं नाही तरी मी सांगते: गाड्यांच्या रांगेजवळून जाताना वेग रांगेपेक्षा थोडासाच जास्त. रांग उभी असेल तर भरभर चालणाऱ्या माणसाएवढा, फार तर धावणाऱ्याएवढा. दोन्ही हात ब्रेकवर. उघडलेलं दार जिथवर येतं त्याच्या बाहेर, म्हणजे गाडीपासून निदान मीटरभर तरी लांब. तेवढी जागा नसेल तर वेग आणखी कमी, आणि अगदीच नसेल तर रांगेत गाडीच्या मागे, लेनच्या मधोमध उभं राहायचं. मागचा हॉर्न वाजवू दे. वाजवून वाजवून थकेल.

बाजू कुठली, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मी शक्यतो ड्रायव्हरकडच्या बाजूने जाते, ओव्हरटेक करणारी गाडी जाते तशी. ड्रायव्हर त्याच बाजूच्या आरशात जास्त बघतो, आणि माणसं सहसा फुटपाथकडे उतरतात. पण समोरून येणारी वाहनं असतील, किंवा पुन्हा रांगेत शिरायला जागा दिसत नसेल, तर तिथेही जायचं नाही. मधे दुभाजक असेल तर ही वाट बऱ्याचदा बंदच असते, हेही खरं.

आणि बघायचं कुठे? इंडिकेटरवर माझा भरवसा नाही, अर्धे लोक लावायला विसरतात. मी पुढची चाकं बघते. गाडी रांगेतून बाहेर पडणार असेल तर ती हलायच्या आधी चाक वळलेलं दिसतं. मागच्या काचेतून डोकी बघते. कुणी पिशवी आवरतंय, सीटवर पुढे सरकतंय, म्हणजे दार उघडणार. बस थांबलेली असेल तर तिच्या पुढून कुणीतरी माणूस निघणारच, असंच धरून चालते.

रांगेतली मोकळी फट सगळ्यात वाईट. दोन गाड्यांमध्ये अचानक एका गाडीएवढी जागा दिसली की आपल्याला बरं वाटतं. पण ती जागा कुणीतरी कुणासाठी तरी सोडलेली असते. समोरून वळू बघणाऱ्या गाडीला एखादा भला माणूस हात करून म्हणतो, या, निघा. तो तुम्हाला बघत नसतो, आणि ती गाडीही तुम्हाला बघत नसते, कारण मधे रांग उभी आहे. ती गाडी घाईने निघते, थांबलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये म्हणून. दोघंही सज्जन, आणि तुम्ही बॉनेटवर. म्हणून फट दिसली की मी पाय टेकता येईल इतकी हळू होते, कोपऱ्यातून डोकावते, मग जाते. दर वेळी. कंटाळा येतो, पण दर वेळी.

टँकर, ट्रक, बस यांच्या बाजूला मी जात नाही. बस्स. याला अपवाद नाही. गाडी पूर्ण थांबलेली आहे आणि सिग्नल आत्ताच लाल झालाय, तरी नाही. सिग्नल कधी सुटेल ते आपल्याला माहीत नसतं, आणि अर्ध्या वाटेत सुटला की परतीचा रस्ता नसतो. ड्रायव्हर उंचावर बसलेला असतो, दाराखालचं आणि बंपरसमोरचं त्याला दिसत नाही, आणि त्याचा दोष दर वेळी नसतो हे मला आज त्या माणसाचा चेहरा बघून मान्य करावंच लागलं. लंडनमध्ये अवजड ट्रकना शहरात यायला परवाना लागतो, आणि ड्रायव्हरला केबिनमधून थेट डोळ्यांनी किती दिसतं त्यावर त्या ट्रकला तारे मिळतात. म्हणजे करायचं म्हटलं तर ट्रकची रचनासुद्धा बदलता येते. जर्मनीत एका बापाने, मुलगी वळणाऱ्या ट्रकखाली सापडून कायमची अपंग झाल्यावर, सिग्नलच्या खांबावर लावायचा फुगीर गोल आरसा बनवला. तिच्याच नावाने त्याला ट्रिक्सी आरसा म्हणतात. आरशाने सगळं सुटत नाही. पण तो बाप रात्र रात्र बसून काय करत असेल, ते मला आज कळतंय.

पुन्हा त्या दारावर येते, कारण माझं मन तिथून हलत नाही.

गाडीत बसणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो, दार उघडताना दाराजवळचा हात वापरू नका. लांबचा हात वापरा. तो हात दाराच्या कडीपर्यंत न्यायचा म्हणजे खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते, आणि डोळे आपोआप मागे जातात. याला डच रीच म्हणतात. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ च्या जानेवारीत बदल झाले तेव्हा हेही घातलं गेलं. खर्च शून्य. कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. आणि रांगेत गाडी थांबली आहे म्हणून पोरांना "इथेच उतर" म्हणू नका. दोन मिनिटं उशीर होऊ द्या.

त्या दिवशी त्या आईने आधी मलाच विचारलं होतं, "तुम्हाला दिसत नाही का?" मग माझा लोंबणारा हात बघून ती खालीच बसली, माझ्या शेजारी, रस्त्यावर. आपली ओढणी काढून माझा हात गळ्यात बांधला. तिचे हात आज माझे थरथरतायत तसेच थरथरत होते. तिच्यावर माझा राग नाही आता. गाडी चालवणारा मात्र शेवटपर्यंत खाली उतरला नाही, आणि तो राग गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही.

मुलगी तिथेच उभी होती, फुटपाथवर, दप्तर पोटाशी धरून. मला तिला सांगायचं होतं की बाळा, तुझं काही चुकलं नाही, तुला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि मीही फार जोरात आले. तेव्हा जमलं नाही. त्याला आता पाच वर्षं झाली, म्हणजे ती बारा-तेरा वर्षांची असेल. सायकल शिकायचं वय होऊन गेलं. त्या दिवसानंतर ती कधी सायकलवर बसली असेल का, हेच आज दिवसभर डोक्यात आहे.