बुद्धीचा उन्हाळी वर्ग

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे आणि गेला पंधरवडा तेथे एकाच प्रस्तावावर खल चालू आहे: चौथीची परीक्षा आटोपलेल्या मुलांसाठी तालुक्याहून शिक्षक आणून उन्हाळ्यात ‘बुद्धिमत्ता वर्ग’ भरवावा, म्हणजे ती नवोदयला, त्या सरकारी निवासी शाळेला, लागतील. वर्गणी अर्थातच परदेशात असलेल्यांनी द्यायची. वर्गणीला माझी ना नाही, मला खटकले ते एका वर्गमित्राचे वाक्य: “पाढे अन् कविता पाठ करून कोणी हुशार होत नाही, पोट्ट्यांचं डोकं चाललं पाहिजे.” त्याखाली तेवीस जणांनी अंगठा उमटवला.

डोके चालणे आणि डोक्यात साठा असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्येच मांडले आणि पुढे त्याचा विद्यार्थी जॉन हॉर्न याने ते विस्ताराने तपासले. अनोळखी कोडे समोर आल्यावर त्यातला संबंध हुडकणारी ती प्रवाही बुद्धिमत्ता; शब्द, पाढे, रीती, अनुभव यांचा साठा आणि तो वापरण्याची हातोटी ती स्फटिकीभूत बुद्धिमत्ता. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमता चाचणीचे, बहुतेक आकृत्यांचे असतात, आणि त्यांचे सारे मोल त्या आकृत्या मुलाने पूर्वी पाहिलेल्या नसण्यात आहे. उन्हाळाभर त्याच घाटाच्या पाचशे आकृत्या गिरवून घेतल्यावर मोजली जाते ती गिरवणी. म्हणजे ज्या घोकंपट्टीला माझे मित्र हसतात, तिच्यासाठीच ते पावती फाडणार आहेत. आमच्याकडे शाळाही जूनच्या अखेरीस उघडतात, त्या उन्हात ही लेकरे पत्र्याखाली बसणार, हा मुद्दा निराळाच.

मी राहतो त्या स्वीडनमध्ये या प्रश्नाचा एक नामी अभ्यास झाला आहे. लष्करी भरतीसाठी अठरा वर्षांच्या मुलांच्या चाचण्या होत आणि चाचणीची तारीख पुढेमागे पडल्याने कोणाचे शाळेचे दिवस थोडे अधिक भरत, कोणाचे थोडे कमी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, शाळेच्या अधिक दिवसांनी समानार्थी शब्द आणि तांत्रिक आकलन यांतले गुण किंचित वाढले. तर्काच्या आणि आकृत्यांच्या चाचण्यांत मात्र फरक दिसला नाही. शाळा हमखास देते तो साठाच. शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे बुद्ध्यंक एक ते पाच गुणांनी वाढतो, असे २०१८ मधील एक मोठे एकत्रित विश्लेषण सांगते, हे मला ठाऊक आहे. पण ते गटावर टाकण्याची घाई मी केली नाही.

टाकले ते हे, की येथे सहावीच्या आधी मुलांना सहसा श्रेणी देत नाहीत, माझा चौथीतला मुलगा फ्रीतिड्समधून, म्हणजे शाळा सुटल्यावरच्या खेळघरातून, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन येतो आणि कोणी क्लासचे नावही काढत नाही. त्यावर गावातच राहिलेल्या एकाने विचारले, “तुमच्या तिकडे परीक्षेत राहिलेल्या पोट्ट्याले दुसऱ्याच्या वावरात जा लागते काय?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शिवाय हे मी कोणत्या तोंडाने बोलत होतो? आमच्या गुरुजींनी शाळेच्या ओट्यावर जुन्या आकृत्या माझ्याकडून घोटून घेतल्या नसत्या, तर मीही नवोदयला लागलो नसतो आणि वेनर्न सरोवराच्या काठी बसून गावाला शहाणपण शिकवत नसतो.

तरीही पाढ्यांविषयी मी हटणार नाही, कारण त्या तेवीस अंगठ्यांवरून मला आईचा अंगठा आठवला. तिला सही येत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी अंगणातल्या काट्यावर बायांची गाठोडी चढत आणि आई ओसरीच्या खांबाला टेकून मजुरी सांगे: साडेतेवीस किलो, दीड रुपयाने सव्वापस्तीस, त्यातून चार रुपये उचल वजा, हातात सव्वाएकतीस. मी वहीत गुणाकार मांडेपर्यंत पुढचे गाठोडे चढलेले असे. हे निव्वळ डोके चालणे नव्हते. पावकी, निमकी, दिडकी हे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे तिने माझ्या आजोबांकडून ऐकून ऐकून पाठ केले होते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध केला: तोंडी हिशेब झरझर करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या गणितात अडखळली, आणि शाळेतली मुले बाजारी हिशेबात. ज्ञान जेथे साठते तेथलेच होऊन राहते.

माझे हेच झाले आहे. प्रवाही बुद्धी ऐन तारुण्यात भर ओलांडते, साठलेली पुढे कित्येक वर्षे टिकते. पण माझा साठा पऱ्हाटी (कपाशी), डवरणी (कोळपणी), धुरा (शेताचा बांध) या शब्दांत आहे आणि चाळिशी गाठताना शिकलेल्या स्वीडिशमध्ये मी बैठकीत तीन वाक्ये मागे असतो. फिकाच्या, म्हणजे कॉफीच्या सुट्टीच्या, वेळी सगळे हसून झाल्यावर मला विनोद कळतो. तेथे मी सौम्य स्वभावाचा गृहस्थ समजला जातो. गावात मला वाचाळ म्हणत. मुलाचा साठा स्वीडिशमध्ये होतो आहे. शाळेत मराठीचा तास मिळायला नगरपालिकेच्या हद्दीत पाच मुले लागतात, आमची तीनच आहेत. गेल्या रविवारी आई त्याला फोनवर म्हणाली, “धुऱ्यावर बसली होती, तुही याद आली.” त्याने माझ्याकडे पाहिले. मी ‘धुरा’ स्वीडिशमध्ये समजावून सांगेपर्यंत तिकडे आईने विषय बदलला होता.

वर्गणी मी पाठवली. आकृत्यांबरोबर रोज अर्धा तास दिडकी आणि कविताही पाठ करून घ्याव्यात, आणि त्यासाठी माझ्या आईला बोलवावे, एवढे खाली लिहिले. पैसे मिळाल्याच्या निरोपावर सतरा अंगठे आले आहेत. खालच्या ओळीवर अजून एकही नाही.