'शहरी डोळा' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. युरोपातला जुना चित्रकार पीटर ब्रूगेल, त्याच्या १५६५ सालच्या कापणीच्या चित्रावर मी लिहिलं, त्यात 'शांत' हा शब्द वापरला. त्यावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतोय.

आधी चूक कबूल. मी 'विळा' लिहिलं होतं. चित्रातले गडी गहू कापताहेत तो विळा नाही. लांब दांड्याचं, उभ्यानं दोन्ही हातांनी फिरवायचं पातं आहे ते. आमच्याकडे कापणी म्हणजे विळाच, सवयीनं लिहिलं गेलं. दुरुस्त केलंय. आभार. (एवढ्यासाठी तीन उद्गारचिन्हं लागत नाहीत.)

आता तुमचं ते वाक्य: "ज्याने जन्मात शेतात घाम गाळला नाही, त्या शहरी डोळ्यालाच हे चित्र शांत वाटेल."

तुम्ही मला ओळखता? माझी आजी निफाडकडे दुसऱ्यांच्या रानात गहू सोंगायला जायची. मी सात-आठ वर्षांचा, बांधावरच्या बाभळीखाली पाण्याची कळशी राखायला. सोंगणी उरकली की आम्ही पोरं सरवा वेचायचो. डाव्या करंगळीवर विळ्याचा वण अजून आहे. फोटो टाकू? दुपारी भाकरी खाल्ली की आजी बसल्या जागी आडवी व्हायची, तोंडावर पदर ओढून. दहा मिनिटं. मग मुकादमाची हाक यायची.

नासपतीच्या झाडाखाली पाय फाकून मेल्यासारखा झोपलेला ब्रूगेलचा तो गडी पाहिला आणि मला आजी दिसली. 'शांत' हा शब्द मी त्या झोपेपुरता वापरला होता. त्याच परिच्छेदात पुढे लिहिलंय की जेवणारी मंडळी पाव-चीज खात असताना पलीकडे कापणी थांबलेली नाही, बाया खांद्यावर पेंढ्या घेऊन निघाल्यात, पिकातल्या वाटेनं एकजण जड भांडी वाहून आणतोय. तिथवर वाचलंत, की 'शांत' दिसल्याबरोबर टाइप करायला बसलात? शहरात राहतो, हो, वीस वर्षं झाली. म्हणून आजी रद्द होत नाही.

राहिला तुमचा दुसरा मुद्दा, हे चित्र करून घेणाऱ्या अँटवर्प शहरातल्या व्यापाऱ्याचा. त्या निक्लास योंगेलिंकनं वर्षाच्या महिन्यांवरची चित्रमालिका, हे चित्र तिच्यातलंच, स्वतःच्या घरासाठी करून घेतली आणि १५६६ मध्ये दुसऱ्याच्या देण्यापोटी ब्रूगेलची सोळा चित्रं, या मालिकेसकट, तारण म्हणून लावून दिली. मला ठाऊक आहे. राबणारे मजूर शेठच्या भिंतीवरची शोभा झाले आणि वर तारणही, असं तुमचं म्हणणं. असेल. पण तो स्वतंत्र विषय आहे, इथे जागा नाही.

चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या साइटवर फुकट मोठं करून बघता येतं. बघा एकदा. आणि पुढच्या वेळी नाव घालून लिहा. निनावी माणसाला 'अहो' म्हणावं की 'अरे', तेच कळत नाही.