आजोबांच्या पद्मिनीला टर्बो बसवताना

आजोबांची प्रीमियर पद्मिनी अंगणात उभी आहे. दोनदा खोकून सुरू होते, दर रविवारी इंदूरच्या छप्पन दुकानला पोहे-जिलबीसाठी नेते आणि परतही आणते. म्हणजे तिच्यात काहीतरी बिघाड आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. १०८९ सीसी आणि जेमतेम ४० घोडे! आजोबांची आठवण नीट जपायची असेल, तर आधी त्यांचं इंजिन उतरवा.

नवं म्हणून भंगारातल्या स्विफ्टचं १.३ डिझेल टर्बो घ्या. १२४८ सीसी, ७५ घोडे, आणि मूळ रचना फियाटचीच. ‘फियाटमध्ये फियाटच तर घालतोय’ हे वाक्य बाबांसाठी पाठ करून ठेवा. ते इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. पद्मिनीचं उभं बसतं आणि मागची ढकलतं. हा तपशील बाबांना सांगू नका. तुम्हाला तो सांवेर रोडचा लेथवाला सांगेलच, अ‍ॅडव्हान्स खिशात घातल्यावर.

मग गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा. मागच्या चाकांपर्यंत जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट कापून, जोडून, पुन्हा कापून. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरसाठी पुढची जाळी गेली. स्टीअरिंगजवळचा गिअरचा दांडा, जो आजोबा दोन बोटांनी टाकायचे आणि बाकीच्या बोटांत सुपारीची डबी धरायचे, तोही गेला. आता पायाशी भोक पाडून नवा आला. इथवर आलात की इंजिनचा कॉम्प्युटर मूळ गाडीची चावी मागतो. भंगारवाला डोकं खाजवत म्हणतो, “भिया, चाबी तो आई ही नहीं थी.” आता तीन महिने वायरिंग.

ब्रेक मात्र तसेच राहू द्या. चारही चाकांना ड्रम, तेही ४० घोड्यांच्या बेताचे. बायपासवर उतारात तुम्हाला रामरक्षा पाठ आहे की नाही ते कळेल.

कायद्याचं फार मनावर घेऊ नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये बजावलंही आहे, आणि तुमच्या आरसीवर ‘पेट्रोल’ छापलंय. पण बोनेट बंद असतं ना? आरटीओतल्या ओळखीच्या काकांना वर्षभर तेवढं जेवायला बोलावू नका.

खरी मजा टर्बोची. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर त्याचा पंखा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. पण इंजिनचे आरपीएम अठराशे-दोन हजारांवर गेल्याशिवाय त्याला नीट जाग येत नाही. राजवाड्यापासून सराफ्यापर्यंतच्या गर्दीत तो घोरतच असतो, आणि तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये धूर सोडत असता. शेजारच्या पोराची स्कूटर अजूनही पुढेच.

अर्थात हे सगळं गाडी चालू झाली तर. आमची गेल्या दिवाळीपासून अंगणात चार विटांवर आहे. बोनेटवर आई कुरडया वाळत घालते, ऊन छान लागतं म्हणे. आजोबांचं इंजिन जिन्याखाली, गोणपाटात. दसऱ्याला बाबा झेंडूचा हार घेऊन बाहेर आले, एकदा अंगणात बघितलं, एकदा जिन्याखाली. “कशाला घालू?”

आतून वहिनी म्हणाली, “तोडा आणि अर्धा-अर्धा घाला.”